मजुराची नाडी

बांधकामावरील मजुराच्या डोक्यावर जी टोपी असते तिच्याकडे आजवर एकच काम होतें : वरून पडणाऱ्या विटेचा मार स्वतःवर घेणें. आतां तिच्यावर दुसरेंही एक काम येऊं लागलें आहे. टोपीच्या आंतल्या पट्टींत, मनगटावरच्या घड्याळांत, छातीवरच्या पट्ट्यांत किंवा अंगांतल्या जाकिटांत बारीक यंत्रें बसवून त्या मजुराची नाडी मिनिटाला किती वेळां उडते, त्याची कातडी किती तापली आहे, त्याला घाम किती येतो, तो किती वेळां वांकतो आणि किती वेळां उठतो, त्याचा तोल गेला कीं काय, हें सर्व क्षणोक्षणीं टिपतां येतें आणि दूरच्या एखाद्या खोलींतील पडद्यावर उमटवितां येतें. या यंत्रांस संवेदक किंवा सेन्सर म्हणतात. मेंदूंतील लहरींवरून थकवा व पेंग ओळखणाऱ्या टोप्या तर ऑस्ट्रेलियांतील खाणींत अवजड ट्रक चालविणाऱ्यांकरितां केव्हांच वापरांत आल्या आहेत.

याच्या जोडीला दुसरें एक साधन आहे. डोळ्यांवर एक जाड चष्मा चढविला कीं मनुष्य जेथें उभा आहे तेथून नाहींसा होतो आणि विसाव्या मजल्याच्या कडेला जाऊन उभा राहतो. पायांखालीं खोलीची फरशीच असते. पण डोळे सांगतात कीं खालीं दोनशें फूट पोकळी आहे, आणि गुडघे डोळ्यांचें ऐकतात. अशा चष्म्याचा मूळ नमुना १९६८ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यानें तयार केला. तो इतका जड होता कीं त्याला छताशीं टांगून ठेवावें लागे. आज तो पिशवींत मावतो. आणि आपल्याकडील मोठमोठ्या कंत्राटदार कंपन्याही तो चढवून नव्या कामगारांस परांचीवरून कसें पडावें, म्हणजे अर्थात् कसें पडूं नये, याचें शिक्षण देऊं लागल्या आहेत.

या दोन साधनांनीं मजुराचें कल्याण होईल असें त्यांचे पुरस्कर्ते सांगतात. शंकेखोर मंडळी म्हणतात कीं ही कल्याणाच्या नांवाखालीं चाललेली पाळत आहे. दोन्ही पक्षांचीं मतें आम्हीं शक्य तितक्या मोकळ्या मनानें वाचलीं, आणि आम्हांस असें वाटलें कीं दोघेही एका जुन्या प्रश्नाला बगल देत आहेत. दुसऱ्याच्या शरीराविषयींचें सत्य जाणून घेण्याचा अधिकार कोणास प्राप्त होतो, आणि तें सत्य उघडें झाल्यावर त्याचें मोल कोणी चुकवावयाचें, हा तो प्रश्न होय. वैद्यकानें तो आपल्यापुरता पूर्वींच सोडविला आहे. कारखान्यानें आणि कंत्राटानें तो अद्याप सोडविलेला नाहीं.

या सर्वांशीं आमच्या वाचकांचा संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध इतकाच कीं ज्या घरांत बसून हें मासिक वाचलें जातें तें घर कोणीतरी बांधलेलें असतें. शहरांतील मध्यमवर्गीय कुटुंबानें आयुष्यांतील सर्वांत मोठा व्यवहार केला तर तो बहुधा घराचा असतो. त्या व्यवहारांत तो फरशीचा रंग निवडतो, नळाची तोटी पसंत करतो, देवघराची दिशा विचारतो. परंतु स्लॅब पडला तेव्हां मे महिना होता कीं जानेवारी, आणि तो पाडणाऱ्या माणसांस दुपारीं सावली होती कीं नव्हती, हें विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. हा दोष कोणाच्या दुष्टपणाचा नव्हे. व्यवहाराची रचनाच अशी आहे कीं प्रश्न सुचण्यास जागा राहात नाहीं.

प्रथम या साधनांच्या बाजूनें जें बोलण्यासारखें आहे तें नीट बोललें पाहिजे, कारण तें थोडें नाहीं. बांधकाम हा जगांतील अत्यंत घातक धंद्यांपैकीं एक आहे, आणि त्यांतील मृत्यूंचा मोठा वांटा उंचावरून पडण्याचा आहे. दुसरा शत्रु ऊन. उन्हाची एक विशेष वाईट खोड अशी कीं तें मनुष्याचें शरीर पाडण्यापूर्वीं त्याची बुद्धि पाडतें. पाय भाजला तर वेदना लगेच सांगते कीं भाजला. परंतु शरीरांतील उष्णता वाढूं लागली म्हणजे प्रथम मनुष्य चिडचिडा होतो, मग गोंधळतो, आणि ज्या क्षणीं त्यानें घमेलें खालीं ठेवून बसलें पाहिजे नेमक्या त्याच क्षणीं ‘मला कांहीं झालें नाहीं’ असें तो ठासून सांगूं लागतो. ज्या दुखण्यांत दुखणाइताचा शब्द हाच पहिला बळी असतो तेथें बाहेरच्या साक्षीदाराची गरज आहे हें कबूल केलेंच पाहिजे. शेजारचा गडी तो साक्षीदार होऊं शकेल. पण त्याच्याही डोक्यावर तेंच ऊन असतें. अशा वेळीं मनगटावरची पट्टी थरथरली आणि मनुष्य वेळेवर सावलींत आला, तर त्या पट्टीला नांवें ठेवणारा तत्त्वज्ञ त्या मनुष्याच्या बायकोपुढें उभा राहूं शकणार नाहीं. आम्ही तरी राहूं शकणार नाहीं.

चष्म्याच्या बाजूनेंही असेंच बोलतां येईल. विमान चालविण्यास शिकणाऱ्यास प्रथम जमिनीवरच्या खोट्या विमानांत बसवावें, ही युक्ति एडविन लिंक यानें १९२९ सालीं प्रत्यक्षांत आणली. तिनें किती वैमानिकांचे प्राण वांचले असतील याची गणती नाहीं. जी चूक एकदांच करतां येते ती करून पाहण्याची सोय असणें ही मोठीच गोष्ट आहे. इस्रायलमधील टेक्निऑन या संस्थेंत राफाएल सॅक्स व त्यांचे सहकारी यांनीं केलेला एक प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. भिंतीला दगड बसविणें आणि जागेवर काँक्रीट ओतणें या कामांतील धोके आभासी सृष्टींत शिकलेल्यांस अधिक चांगले ओळखतां येतात, असें त्यांत आढळलें. कामाच्या जागेवरील सर्वसाधारण सुरक्षिततेच्या बाबतींत मात्र तसा फरक दिसला नाहीं. हा दुसरा निष्कर्ष आम्हांस पहिल्याहून अधिक बोलका वाटतो, आणि विक्रेत्यांच्या पत्रकांत तो सहसा येत नाहीं.

कारण असें. चष्मा गृहीत धरतो कीं मजूर पडतो तो अज्ञानानें पडतो. कांहीं वेळां तें खरें असेल. नुकताच गांवाहून आलेला, उंच इमारत पूर्वीं कधीं न चढलेला तरुण खरोखरच कांहीं जाणत नसतो. परंतु ज्यानें दहा वर्षें परांचीवर काढलीं त्याला फळी हलते हें चष्म्यावांचून कळतें. पायाच्या तळव्याला तें कळतें. त्याची अडचण ज्ञानाची नसून ‘या फळीवर मी चढणार नाहीं’ हें वाक्य उच्चारण्याची आहे. आणि तें वाक्य उच्चारण्याचें शिक्षण कोणत्याही चष्म्यांत आम्हांस दिसलें नाहीं. उलट, शिक्षण दिल्याची नोंद एकदां वहींत झाली म्हणजे उद्यां अपघात घडल्यावर ‘याला शिकविलें होतें, तरी हा पडला’ असें म्हणण्यास वाट मोकळी होते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशांतलाच हा प्रकार. आम्हांस तर असें वाटतें कीं हा चष्मा मजुराच्या आधीं ज्यानें कठडा लावण्याचा खर्च वांचविला त्या गृहस्थाच्या डोळ्यांवर चढवावा, आणि त्याला विसाव्या मजल्यावरच्या त्याच हलत्या फळीवर पांच मिनिटें उभें करावें. शिक्षणाचा परिणाम शीघ्र दिसेल.

मजुराच्या शरीराचें मोजमाप ही कांहीं आजची कल्पना नव्हे, आणि गंमत अशी कीं तिचा एक आद्य पुरुष स्वतः गवंडीच होता. फ्रँक गिल्ब्रेथ हा अमेरिकन १८८५ च्या सुमारास विटा रचण्याचें काम शिकूं लागला. त्याच्या लक्षांत आलें कीं प्रत्येक गवंडी वीट निराळ्या रीतीनें लावतो, आणि एकच गवंडी घाईंत निराळा व सावकाशींत निराळा हात चालवितो. एक वीट लावण्यास अठरा हालचाली होत, त्या त्यानें पांचांवर आणल्या. विटा गवंड्याच्या कमरेच्या उंचीवर राहतील व भिंतीबरोबर वर चढत जातील अशी परांची त्यानें बनविली, म्हणजे प्रत्येक विटेमागें सारें धड खालीं वांकविण्याचें कारण उरलें नाहीं. फ्रेडरिक टेलर यानें १९११ सालच्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकांत या प्रयोगाचा गौरव करतांना सांगितलें आहे कीं दर माणशीं ताशीं १२० विटा लागत तेथें ३५० लागूं लागल्या.

येथें वाचकानें क्षणभर थांबावें. गवंड्याची कंबर वांचली हें निर्विवाद. गिल्ब्रेथ पति-पत्नींस थकव्याविषयीं खरी कळकळ होती. त्यांनीं १९१६ सालीं थकवा या विषयावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलें. पण कंबर वांचल्यानें जो वेळ व जी शक्ति शिल्लक पडली ती गेली कोठें? ती गवंड्याच्या घरीं गेली नाहीं. ती भिंतींत गेली. तेंच मोजमाप थकवा कमी करण्यास उपयोगी पडतें आणि तेंच काम तिप्पट करण्यास उपयोगी पडतें. कोणत्या बाजूस तें झुकेल हें मोजपट्टीवर लिहिलेलें नसतें. खाणींतील दिव्याची कथाही अशीच. हम्फ्रे डेव्हीनें १८१५ सालीं स्फोट न होणारा दिवा काढला तो खाणकामगारांचे प्राण वांचविण्याच्या निर्मळ हेतूनें. परंतु दिवा सुरक्षित झाल्याबरोबर ज्या वायुमय थरांत पूर्वीं कोणी पाऊल टाकीत नव्हतें तेथें माणसें उतरविण्यांत येऊं लागलीं, आणि अपेक्षेप्रमाणें मृत्यु कमी झाले नाहींत. तेव्हां नाडी मोजणारी पट्टी आल्यावर ‘१२ ते ४ काम बंद’ हा नियमच कोणी मोडीत काढील काय, अशी शंका आल्यास ती अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. पट्टी आहे ना, मग भर उन्हांतही चालूं द्या. कोणाला लागलें तर ती सांगेलच! पूर्वीं विषारी वायु ओळखण्याकरितां खाणींत कॅनरी पक्षी नेत. पक्षी कोसळला कीं माणसें बाहेर येत. येथें पक्षीही तोच आणि माणूसही तोच.

याच्या उलट एक उदाहरण आहे, आणि तें आम्हांस फार आवडतें. सॅन फ्रान्सिस्को येथील गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळांत बांधला गेला. त्याचा मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यानें कामगारांस कडक टोप्या घालणें सक्तीचें केलें, आणि शिवाय पुलाच्या खालीं त्याच्या लांबीभर एक प्रचंड दोरखंडी जाळें टांगलें. त्यास एक लाखाहून अधिक डॉलर खर्च आला. त्या जाळ्यांत पडून १९ माणसें वांचलीं. १७ फेब्रुवारी १९३७ रोजीं एक अवजड परांची तुटून जाळें फाडीत गेली व १० माणसें दगावलीं, म्हणजे जाळें सर्वसमर्थ नव्हतें. तरी त्याचा एक गुण पाहण्यासारखा आहे. पडणारा कोण, त्याची नाडी किती, त्यानें काल रात्रीं काय घेतलें होतें, त्याचा पाय आपल्या चुकीनें घसरला कीं दुसऱ्याच्या, यांपैकीं कांहीं एक न विचारतां त्यानें त्याला झेललें. जाळें रक्षण करतें आणि कांहीं जाणत नाहीं. पट्टी आधीं जाणते, आणि मग रक्षण करते. करते असें धरून चालूं.

या ‘जाणण्या’ंतच सारी गोम आहे. आमच्यासारख्या पगारी माणसाला ताप आला तर तो सांगण्यांत आमचें कांहीं जात नाहीं. रजेचा अर्ज जातो, पगार चालू राहतो, दोन माणसें विचारपूस करून जातात. सत्य बोलणें आम्हांस स्वस्त पडतें, म्हणून आम्ही सत्यवादी आहों. आतां सकाळीं सातच्या सुमारास मजुरांच्या नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. त्याचें पोट हातावर. अंगांत कणकण असली तर ती तो लपवितो, मुकादमासमोर छाती पुढें काढून उभा राहतो, खोकला दाबतो. दिवस गेलेली बाई पदर सैल घेते, कारण मुकादमाला कळलें तर घमेलें उचलावयास तिला कोणी घेणार नाहीं, आणि न उचललें तर संध्याकाळीं चूल पेटणार नाहीं. या लपविण्यास कोणी अप्रामाणिकपणा म्हणणार असेल तर त्यानें स्वतःच्या प्रामाणिकपणाला महिन्याचा पगार किती, हें आधीं मोजावें. या माणसाच्या मनगटावर आपण जी पट्टी बांधतों ती त्याच्या मर्जीविरुद्ध त्याच्या शरीराकडून खरें वदवून घेते. हृदयाचे ठोके अनियमित आहेत, दम लौकर लागतो, वय सांगितलें त्याहून अधिक दिसतें, हें सर्व पडद्यावर येतें. उद्यां सकाळीं नाक्यावर त्याला कोणी हांक मारीत नाहीं, आणि कां मारीत नाहीं तेंही कोणी सांगत नाहीं. आपल्याकडे ‘हात दाखवून अवलक्षण’ म्हणतात, तें इतक्या शब्दशः खरें होईल असें ती म्हण करणाऱ्यासही वाटलें नसेल.

ज्या सत्यानें सांगणाऱ्याचें पोट मारलें जातें तें त्याच्याकडून मागण्याचा अधिकार कोणासही नाहीं, मग मागणाऱ्याचा हेतु कितीही शुद्ध असो, असें आमचें स्पष्ट मत आहे. वैद्याला आपण सर्व कांहीं सांगतों तें कां? वैद्य आपणांस कामावरून काढूं शकत नाहीं म्हणून. रोगी वैद्याच्या हातीं निःशंकपणें स्वतःला सोपवितो, यास्तव वैद्यानें त्याचा पुत्रवत् सांभाळ करावा, हा विचार सुश्रुतसंहितेंत आला आहे. नाडी पाहणारा हात आणि मजुरी देणारा हात एकच झाला कीं त्या जुन्या विश्वासाचा पायाच निखळतो. ‘पण मजुरांची संमति घेतलेली असते’ असें यावर उत्तर येतें. ज्याला नाहीं म्हणण्याची सोय नाहीं त्याच्या होकाराला संमति म्हणणें म्हणजे उतारावरून गडगडणाऱ्या दगडाला प्रवासी म्हणणें आहे.

कोणी असेंही म्हणतील, आणि आमच्या ओळखींतले एक विद्वान् गृहस्थ नेहमी म्हणतात, कीं खाजगीपणा ही भरल्या पोटाची चैन आहे; मजुराला आधीं प्राण वांचवूं द्या. हा युक्तिवाद ऐकावयास दयाळू वाटतो, पण त्यांत एक अडचण आहे. ज्याला चार भिंती आहेत त्याचा खाजगीपणा त्या भिंती राखतात. ज्याचा संसार अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर पत्र्याच्या आडोशाला चालतो त्याच्याजवळ खाजगी म्हणून त्याच्या कातडीच्या आंतलें तेवढेंच उरलेलें असतें. २०१७ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हां तो मालमत्ता पाहून वांटावयाचा असें कांहीं म्हटलें नाहीं. मात्र २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यांत नोकरीच्या कारणाकरितां, आणि मालकाचें नुकसान किंवा दायित्व टाळण्याकरितां, नोकराची माहिती त्याच्या संमतीवांचूनही वापरतां येईल अशी तरतूद ठेवलेली आहे. मालकाचें दायित्व टाळण्याकरितां! अपघातानंतर हे शब्द कोणत्या बाजूच्या वकिलाच्या तोंडीं असतील हें सांगण्यास ज्योतिषी नको.

हे तर्क केवळ पुस्तकी नाहींत. कांहीं वर्षांपूर्वीं नागपूरच्या महानगरपालिकेनें सफाई कामगारांच्या मनगटांवर ते कोठें आहेत हें सांगणारीं घड्याळें बांधलीं. चंदीगडासारख्या इतर शहरांतही तसेंच झालें, आणि तेथें कामगारांनीं त्याविरुद्ध उघड निषेधही केला. त्या घड्याळांत झाडणाऱ्याच्या फुप्फुसांत किती धूळ गेली हें कळण्याची व्यवस्था नव्हती. तो नेमून दिलेल्या जागेवर आहे कीं नाहीं, हें कळण्याची होती. यंत्र काय मोजतें यावरून तें कोणाकरितां आहे तें ओळखावें.

यंत्रें मोजतात तें तरी बिनचूक असतें काय, हाही प्रश्न आहेच. बोटाला लावून रक्तांतील प्राणवायु मोजणारें यंत्र कोविडच्या सांथींत घरोघर पोंचलें. तें कातडींतून प्रकाश पाठवून मोजतें. २०२० सालीं अमेरिकेंतील डॉक्टरांनीं दाखवून दिलें कीं काळ्या वर्णाच्या रुग्णांत प्राणवायूची धोकादायक कमतरता हें यंत्र गोऱ्या रुग्णांच्या मानानें जवळ जवळ तिप्पट वेळां चुकवितें. मनगटावरच्या बहुतेक पट्ट्या नाडी मोजतात त्याही प्रकाशानेंच. आणि आपल्याकडील मजुराचें कातडें जन्मजात सांवळें, त्यावर उन्हानें आणखी रापलेलें, वर सिमेंटचा थर. परदेशी प्रयोगशाळेंत ठरलेले आंकडे त्याला आणि त्याच्या डोक्यावर दहा विटा वाहून नेणाऱ्या बायकोला जसेच्या तसे लागू पडतील हें आधीं सिद्ध व्हावयास पाहिजे.

आणि कल्याण म्हणजे तरी काय? नाडी हा शब्द ऐकल्यावर आमच्या मनांत मीरा महादेवन् यांचें नांव येतें. १९६९ सालीं दिल्लींत राजघाटाजवळच्या एका बांधकामावर त्यांनीं मजुरांचीं लहान मुलें धुळींत व उन्हांत पडलेलीं पाहिलीं आणि तेथेंच त्यांच्याकरितां पाळणाघर सुरू केलें. पुढें मुंबईंतही असें काम उभें राहिलें. वाळूच्या ढिगाशेजारीं मूल निजलें आहे आणि वरून विटा उचलणाऱ्या आईचें अर्धें लक्ष तिकडे आहे, हा तोल जाण्याचा धोका कोणत्या पट्टीवर मोजला जाणार? पाळणाघरानें तिची नाडी न पाहतांच ती ताळ्यावर आणली.

पैशांची सबब सांगणारांस आम्ही एकच गोष्ट आठवण करून देतों. इमारतीच्या खर्चावर शेंकडा एक ते दोन इतका उपकर बसवून तो बांधकाम मजुरांच्या हितार्थ खर्च करावा, असा कायदा १९९६ सालीं झाला. पैसा हजारों कोटींनीं जमला. खर्चला गेला त्याचा लहानसा भाग. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें असेंही आलें कीं या पैशांतून लॅपटॉप व कपडे धुण्याचीं यंत्रें घेण्यांत आलीं. मजुरास कपडे धुण्याचें यंत्र! तें तो कोठें ठेवणार होता, हें कोणी विचारलेलें दिसत नाहीं. नवीं साधनें आणतांना हा इतिहास विसरूं नये. चकचकीत वस्तु खरेदी करणें हा कल्याणाचा सर्वांत सोपा भाग असतो.

मग काय करावें? कतारचें उदाहरण पाहण्यासारखें आहे, आणि तें आपल्यापासून फार दूरचें नाहीं. आखातांतील बांधकामांवर भारतांतील, नेपाळांतील व बांगला देशांतील माणसें लाखांनीं राबतात. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाकरितां तेथें जीं क्रीडांगणें उठलीं त्यांच्या काळांत मजुरांच्या मृत्यूंविषयीं जगभर ओरड झाली. नेपाळी मजुरांच्या हृदयविकारानें झालेल्या मृत्यूंचा उन्हाळ्याशीं संबंध दाखविणारा अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. २०२१ सालीं कतार सरकारनें नियम केला कीं १ जून ते १५ सप्टेंबर या काळांत सकाळीं १० ते दुपारीं ३॥ पर्यंत उघड्यावर काम चालूं नये. आणि ऊन, दमटपणा व वारा हीं एकत्र धरून काढलेलें उष्णमान ३२·१ अंशांच्या वर गेलें तर दिवसाची कोणतीही वेळ असो, काम थांबलेंच पाहिजे. त्या राज्याच्या इतर व्यवहारांचें समर्थन करण्याची आमची इच्छा नाहीं. परंतु या नियमाची जात पाहा. तो माणसाला मोजीत नाहीं, जागेला मोजतो. कोणाची छाती दुबळी आहे हें उघड न करतां तो सर्वांस एकदम सावलींत बसवितो. तो जाळ्याच्या जातीचा आहे.

जागा मोजून सर्व भागतें असें मात्र नाहीं, हें आम्ही मान्य करतों. कालच थंड मुलखांतून आलेला आणि महिनाभर उन्हाला सरावलेला, विशींतला आणि पन्नाशींतला, यांस एकच आंकडा सारखा लागू पडत नाहीं. येथें पट्टीला खरी जागा आहे. पण ती प्रथम ज्याच्या मनगटावर आहे त्यालाच सांगो, आणि बहुतेक वेळां त्यालाच सांगून गप्प बसो. तिची वही कामावरच्या डॉक्टराच्या किंवा मजुरांच्या संघाच्या हातीं असावी, मुकादमाच्या नव्हे. मालकाला कळावें तें इतकेंच कीं आज चौथ्या मजल्यावर अमुक इतक्या जणांच्या पट्ट्या वाजल्या, अर्थात् चौथा मजला तपासा. कोणाच्या वाजल्या हें कळण्याचें त्याला प्रयोजन नाहीं. आणि पट्टी काढून ठेवणाऱ्याचा रोज कापला जाऊं नये. यांत्रिकदृष्ट्या यांतलें कांहींच अवघड नाहीं, असें अभियंते झालेले आमचे जुने विद्यार्थी सांगतात. अवघड आहे तें दुसरेंच, असेंही ते सांगतात आणि हंसतात.

मंगळवेढ्याच्या गांवकुसाची हकीकत महाराष्ट्रांत सर्वांस ठाऊक आहे. इसवी सन १३३८ च्या सुमारास तेथें भिंत बांधण्याचें काम चाललें असतां ती ढांसळली आणि तिच्याखालीं मजूर गाडले गेले. त्यांत चोखोबा होते. पुढें नामदेव तेथें गेले. ढिगाऱ्यांतील हाडांत चोखोबांचीं कोणतीं हें ओळखावयाचें कसें? परंपरा सांगते कीं नामदेवांनीं एकेक अस्थि कानाशीं धरली, आणि जींतून विठ्ठलनाम ऐकूं आलें ती घेतली. पंढरपुरीं महाद्वारापाशीं समाधि आहे ती त्या अस्थींची. आपण ही कथा भक्तीची म्हणून ऐकतों, आणि ती तशी आहेच. पण ती बांधकामावरील अपघाताचीही कथा आहे, वेठीला धरल्यासारख्या राबणाऱ्या माणसांची आहे. आणि भिंत कोणी बांधावयास लाविली होती, ती कां ढांसळली, पायांत दगड कमी भरला होता काय, याची चौकशी झाल्याचें तींत कोठें येत नाहीं. चोखोबांबरोबर जे दुसरे गाडले गेले त्यांच्या हाडांना कान लावणारा कोणी आला नाहीं. आज जिवंत माणसाच्या हाडामांसाला कान लावण्याची विद्या आपल्या हातीं आली आहे. नामदेव ऐकावयास गेले ते त्या माणसाला ओळखण्याकरितां, त्याला सन्मानानें देवाच्या दारीं नेऊन ठेवण्याकरितां.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. समजा, पट्टी उत्तम आहे, आंकडे बरोबर आहेत, वही योग्य हातीं आहे. मे महिन्यांत दुपारीं दीड वाजतां अकराव्या मजल्यावर एका सेंटरिंगवाल्याच्या मनगटावर ती वाजते. तो निमूटपणें खालीं उतरतो, माठांतलें पाणी पितो, निंबाच्या सावलींत बसतो आणि चार वाजतां पुन्हा वर जातो. त्याचे अडीच तास गेले. त्या अडीच तासांचा रोज त्यानें सोसावयाचा, मुकादमानें, कंत्राटदारानें, कीं त्या अकराव्या मजल्यावर उद्यां राहावयास जाणाऱ्या कुटुंबानें? घरांच्या खरेदीचीं करारपत्रें आम्हीं स्वतःच्या व स्नेह्यांच्या निमित्तानें पुष्कळ वाचलीं आहेत. त्यांत वाहन ठेवण्याच्या जागेविषयीं कलम असतें, गच्चीच्या हक्काविषयीं असतें, ताबा देण्यास उशीर झाल्यास व्याज किती याविषयीं तर फारच बारकाईनें लिहिलेलें असतें. या अडीच तासांविषयीं त्यांत एकही ओळ नसते.